आपला खेळ आणि त्याची जोड

डॉक्टर म्हणतात, रोज चाला. मुलगा म्हणतो, जिम लाव. शेजारच्या काकू योगवर्गाला चला म्हणून मागे लागलेल्या असतात आणि ऑफिसातलं कुणीतरी रविवारच्या ट्रेकसाठी ग्रुप जमवत असतं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला असे चार सल्ले चार दिशांनी मिळतात. चारही सल्ले चांगलेच आहेत, पण त्यांतला एकच धरला तर शरीराचा काही ना काही भाग उपाशी राहतो. नुसतं चालणाऱ्याच्या दंडा-खांद्यांना काम मिळत नाही. नुसतं पोहणाऱ्याच्या हाडांवर पुरेसा भार येत नाही. जिममध्ये नुसती वजनं उचलणारा तीन जिने चढला की धापा टाकतो.

म्हणून खेळ किंवा व्यायाम निवडताना दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, मला काय आवडेल आणि काय जमेल? हा सगळेच विचारतात. दुसरा, मी जे निवडलं आहे त्यातून मला काय मिळणार नाही? हा फारसा कुणी विचारत नाही, आणि वर्षानुवर्षं नेमाने व्यायाम करूनही काही तक्रारी का उरतात, याचं उत्तर बऱ्याचदा त्यातच असतं.

किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल हवी. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा, आणि वयाची ६५ वर्षं ओलांडल्यावर किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ हवा.

मध्यम आणि जोरकस यांतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. हालचाल चालू असताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, ती जोरकस. मंडईत रमतगमत फिरणं, दर दुकानापाशी थांबणं, हे या हिशेबात धरता येत नाही.

२०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला ‘तुझा व्यायाम होतोच की’ असं सर्रास ऐकवलं जातं. तिचे पाय दुखतात, कंबर भरून येते, पण ओट्याशी उभं राहून दम वाढत नाही. तिला हवी असते स्वतःची अर्धा तास मोकळीक आणि निर्धास्तपणे जाता येईल अशी जागा. घरच्यांनी आधी तेवढी सोय करून द्यावी आणि मग व्यायामाचा सल्ला द्यावा.

शरीराच्या चार गरजा

पहिली गरज दमाची. लंडनचे डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर पूर्ण पाळी बसून असायचा, तर कंडक्टर तिकिटं काढत दिवसभर जिन्याने वरखाली करायचा. एकाच गाडीवर काम करणाऱ्या या दोघांपैकी कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकडेवारीने मांडणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांत त्याची गणना होते. दम वाढवणाऱ्या व्यायामाने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि स्नायू त्यातला प्राणवायू जास्त चांगला वापरू लागतात.

दुसरी गरज ताकदीची. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर ही घट वेग घेते. जमिनीवरून हात न टेकता उठता येईनासं होतं, त्याचं मोठं कारण हेच. मधुमेहाच्या दृष्टीने तर स्नायूंचं मोल फार आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर साखरेची उसळी कमी होते, ती यामुळे.

तिसरी गरज हाडांवरच्या भाराची. हाड ही जिवंत पेशींची रचना आहे. त्यावर वजन पडलं, धक्का बसला, की ते स्वतःला मजबूत करतं. भार मिळाला नाही की विरळ होत जातं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांच्या हाडांची झीज झपाट्याने होते, त्यामुळे त्यांनी ही गरज विसरून चालत नाही.

चौथी गरज लवचिकता आणि तोल. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना यांच्या मेळातून आपण उभे राहतो. आपला तोल कसा आहे, हे घरीच पाहता येतं. भिंतीजवळ उभं राहून एक पाय उचलायचा आणि दहा सेकंद मोजायचे. साठीच्या आत ते सहज जमायला हवं. जमत नसेल, तर आपल्या व्यायामात काय कमी आहे त्याचा पत्ता लागला.

चालणं, धावणं, चढणं

चालण्याइतका सोपा, बिनखर्चाचा आणि कुठल्याही वयात सुरू करता येणारा दुसरा व्यायाम नाही. रोज १० हजार पावलं चाललीच पाहिजेत, या धास्तीने मात्र अनेक जण आधीच हात टेकतात. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राबरोबर जगभर पसरला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६ हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज साडेचार हजारांच्या आसपास पावलं चालणाऱ्यांनाही फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही.

चालण्याची उणीव म्हणजे सपाट रस्त्यावर ना दम पुरेसा लागतो, ना ताकद. त्यावर उपाय चढाचा. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणारी सत्तरीतली माणसं दिसतात. त्यांच्या मांड्या आणि त्यांचा श्वास त्याच वयाच्या इतरांहून वेगळा असतो. टेकडी जवळ नसेल तर सोसायटीचा जिना आहे. वरच्या धडासाठी भिंतीला हात टेकून काढलेले जोर पुरतात.

धावण्याने गुडघे झिजतात ही भीती घराघरांत आहे. हौशी धावपटूंवर झालेल्या अभ्यासांत मात्र न धावणाऱ्यांपेक्षा त्यांच्या गुडघ्यांत जास्त झीज आढळलेली नाही. दुखापती होतात त्या बहुतेक घाईमुळे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडं यांना महिने लागतात. त्यामुळे दम आला म्हणून अंतर एकदम वाढवलं की नडगी, टाच किंवा गुडघा कुरकुरतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. दिवाळी उरकून तयारीला लागणाऱ्या नवख्यांना हा अनुभव हमखास येतो. पावसाळ्यातच सुरुवात करावी, आधी एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं असं आलटून पालटून करावं. जोडीला पोटऱ्या आणि नितंबांच्या ताकदीचे व्यायाम ठेवावेत.

रविवारी सिंहगड चढणाऱ्यांची आणखी एक गंमत आहे. चढताना दम लागतो, पण पाय धरतात ते उतरल्यावर, सोमवारी-मंगळवारी. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार झेलतात आणि स्नायूंवरचा हा ताण सगळ्यात जास्त दुखवणारा असतो. आठवड्यात दोनदा सावकाश बैठका मारल्या, खाली जाताना तीन सेकंद घेतले, तर महिन्याभरात फरक जाणवतो. आठवडाभर वेळ मिळत नाही, शनिवार-रविवारीच काय ते जमतं, असं म्हणणाऱ्यांनाही दिलासा आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर मोजयंत्र बांधून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरेशी मिनिटं भरत असतील तर ती एक-दोन दिवसांत केली काय किंवा आठवडाभर विभागून केली काय, हृदयाला होणारा फायदा जवळपास सारखाच निघाला.

पाणी आणि सायकल

कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार पडतो, छातीइतक्या पाण्यात त्याहून कमी. म्हणून संधिवात असलेल्या, वजन जास्त असलेल्या किंवा पाठीच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला तलाव वरदान आहे. पोहता येत नसेल तरी पाण्यात चालता येतं. पण ज्या कारणाने सांधे सुखावतात त्याच कारणाने हाडं भारापासून वंचित राहतात. पोहणाऱ्यांनी, विशेषतः पन्नाशीच्या बायकांनी, जोडीला चालणं, जिना किंवा वजनं यांतलं काहीतरी ठेवलंच पाहिजे.

सायकलचंही असंच. गुडघ्यांना सोयीची, दम वाढवणारी, कामावर जाता-येता व्यायाम उरकून देणारी. हाडांना मात्र तिच्याकडून फार थोडं मिळतं, आणि हँडलवर तासन्‌तास वाकून मान-पाठ आखडते. सीटची उंची नीट लावली तर निम्म्या तक्रारी मिटतात. पॅडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा, पूर्ण ताठ नसावा.

जोडीदाराबरोबरचे खेळ

बॅडमिंटनचा पुण्याशी जुना संबंध आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याचे सुरुवातीचे काही नियम इथेच लिहिले गेले. आरोग्याच्या दृष्टीने रॅकेटच्या खेळांचे निष्कर्ष लक्ष वेधून घेतात. कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांवर २५ वर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठं आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षं, बॅडमिंटनवाले ६.२ वर्षं, पोहणारे ३.४ वर्षं, सावकाश धावणारे ३.२ वर्षं, तर जिमला जाणारे १.५ वर्षं जास्त जगले असं त्यात दिसलं.

हे आकडे वाचून उद्याच रॅकेट घेऊन कोर्टवर उतरायची घाई नको. टेनिस खेळणाऱ्यांची आर्थिक स्थिती आणि मुळातली तब्येत वेगळी असू शकते, आणि अशा अभ्यासातून संबंध दिसला तरी कारण सिद्ध होत नाही. संशोधकांनी एक शक्यता मात्र आवर्जून नोंदवली आहे. वर येणाऱ्या खेळांना बहुधा जोडीदार लागतो. सकाळी साडेसहाला तिघं जण कोर्टवर आपली वाट पाहत असतील तर अंथरुणात लोळत पडता येत नाही. नंतर चहा होतो, गप्पा होतात, चार दिवस कुणी दिसला नाही तर फोन जातो. एकट्याने करायच्या व्यायामात हे मिळत नाही, आणि नेम टिकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

या खेळांचा धोका आहे तो अचानक थांबण्यात, वळण्यात आणि उडी मारण्यात. शाळेत कबड्डी गाजवलेला माणूस चाळिशीत ऑफिसच्या स्पर्धेत उतरतो. मनाला सगळं आठवत असतं, पण गुडघ्याच्या अस्थिबंधांना आणि टाचेच्या कंडऱ्याला वीस वर्षांत तसं काही करावं लागलेलं नसतं. पाय जागेवर आणि अंग वळलं की दुखापत होते. त्यामुळे अशा खेळाकडे परतण्याआधी दीड-दोन महिने बैठका, टाचा उचलणं, छोट्या उड्या आणि दिशा बदलत धावणं यांचा सराव करावा. प्रत्येक डावाआधी दहा मिनिटं अंग तापवावं.

मुलांना मात्र खो-खो, कबड्डी, लंगडी यांसारखे खेळ भरपूर खेळू द्यावेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले होते. खो-खोत बसणं, उठणं, वळणं, झेपावणं सगळं आहे, खर्च जवळपास नाही, आणि वाढत्या हाडांना हवा तो धक्का आयता मिळतो. दहाव्या वर्षीच एका खेळाला जुंपून बारा महिने तोच करून घेणं टाळावं. निरनिराळे खेळ खेळलेल्या मुलाचं सगळं अंग घडतं आणि खेळाचा कंटाळा येत नाही.

आपल्या परंपरेत काय आहे

सूर्यनमस्कार महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवण्यात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी स्वतः आयुष्यभर नमस्कार घातले, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. सतरंजीभर जागेत लवचिकता, दंड-छातीची ताकद आणि भरभर घातल्यास दमही देणारा हा व्यायाम आहे. पण नमस्काराची आवर्तनं बारकाईने पाहा. प्रत्येक वेळी हात जमिनीला ढकलतात. ओढण्याचं काम एकदाही येत नाही. पाठीचे वरचे स्नायू, दंडाचा पुढचा भाग आणि पकड यांना त्यात काम नाही. विहिरीचं पाणी शेंदायच्या काळात ही भरपाई घरकामातून आपोआप व्हायची, आता ती मुद्दाम करावी लागते. दाराच्या बारला लोंबकळणं किंवा पाण्याने भरलेली बादली कमरेत वाकून पोटाकडे ओढणं, एवढंही पुरतं.

मल्लखांब ही त्या दृष्टीने अजोड गोष्ट आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी तिला नवा जन्म दिला. खांबाला किंवा दोराला अंग लपेटून वर जाताना पकड, ओढ, पोटाची ताकद आणि तोल एकाच वेळी लागतात. मुंबईत शिवाजी पार्कवरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून चालू आहे आणि तिथले मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्यांनी मात्र मल्लखांब जाणत्या शिक्षकाशिवाय करू नये.

आणि मंगळागौरीचे खेळ. श्रावणाआधी महिना-दोन महिने सराव करणारे बायकांचे गट अनेक शहरांत आहेत. त्यातली साधी फुगडी घ्या. दोघींनी हात अदलाबदल करून घट्ट धरायचे, पावलं जवळ आणून चवडे जुळवायचे आणि मागे झुकायचं. आता दोघींचा सगळा तोल बोटांच्या पकडीवर, दंडांवर आणि पाठीवर असतो. सूर्यनमस्कारात न मिळणारी ओढ ती हीच. मग गिरकी सुरू होते, अंतर्कर्णातल्या नलिकांमधला द्रव फिरू लागतो आणि मेंदूला क्षणाक्षणाला तोल नव्याने जुळवावा लागतो. झिम्मा, पिंगा, बसफुगडी यांची त्यात भर घाला. अर्धा तास खेळलं तर ताकद, दम, तोल आणि हसणं सगळं भरपूर होतं. हे खेळ श्रावणापुरते ठेवण्यात आपण आपलंच नुकसान करतो. ज्यांना चक्कर येण्याचा त्रास असेल किंवा ज्यांचे गुडघे नाजूक असतील, त्यांनी फुगड्या सोडून आपल्याला झेपतील तेवढेच खेळ खेळावेत.

निवड करताना

मधुमेह, रक्तदाब, घरात हृदयविकाराचा इतिहास किंवा बरीच वर्षं बैठं आयुष्य यांपैकी काही असेल तर जोरकस खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. व्यायामात छातीत दाब वाटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

त्यानंतर जागा आणि वेळ पाहावी. घरापासून तासभर लांबचा उत्तम तलाव दोन महिन्यांत सुटतो, कोपऱ्यावरचं साधं मैदान टिकतं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवावं. महागडं सामान घेण्याआधी महिनाभर उसन्या साधनांवर खेळून पाहावं.

शेवटी जोड लावावी. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या तिशीतल्या माणसाने दोन दिवस बॅडमिंटन खेळावं आणि दोन दिवस बैठका व ओढण्याचे व्यायाम करावेत. गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीतल्या बाईने पाण्यात चालावं किंवा सायकल चालवावी, त्याला खुर्चीवरून हात न टेकता उठण्याची दहा-बारा आवर्तनं आणि हलकी वजनं जोडावीत. रोज बागेत फेऱ्या मारणाऱ्या सत्तरीतल्या आजोबांनी शेवटची दहा मिनिटं कठड्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं यांना द्यावीत. योगासनं करणाऱ्याने आठवड्यातून तीनदा दम लागेल असं चालावं.

जे मनापासून आवडतं ते सोडायची गरज कुणालाच नाही. चालणाऱ्याने चालत राहावं, पोहणाऱ्याने पोहत राहावं. दम, ताकद, हाडांवरचा भार आणि तोल या चार गरजा कागदावर लिहा, आपल्या सध्याच्या व्यायामातून भागणाऱ्या गरजांवर खूण करा, आणि जी कोरी राहील तिच्यासाठी याच आठवड्यात वीस मिनिटं काढा. आवडीच्या खेळाला एवढी जोड मिळाली, तर तो आणखी पुष्कळ वर्षं खेळता येईल.